परसबाग आणि ख्रिस्ती कुटुंब

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त अवसरी खुर्द येथे जमलेल्या कुटुंबांपुढे केलेले भाषण)



महोत्सव म्हटला की देवळाला रंग लागतो, पताका फडकतात, बँड वाजतो. अशा प्रसंगी कोणी उठून भेंडी आणि वांग्यांविषयी बोलू लागला, तर ऐकणाऱ्यांस नवल वाटावे हे साहजिक आहे. म्हणून आरंभीच एवढे निवेदन करतो की, आमचा विषय महोत्सवाला सोडून नाही. पवित्र शास्त्रात महोत्सवाचे मूळ शोधावयास गेले असता प्रथम जमीनच भेटते. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासावे वर्ष पवित्र मानण्याची आज्ञा आहे. त्या वर्षी जमिनीला विसावा द्यावा, आणि गरिबीपायी ज्याचे वतन दुसऱ्याकडे गेले असेल त्यास ते परत मिळावे, असे तेथे सांगितले आहे. जमीन देवाची आहे, आपण तिच्यावर चार दिवसांचे पाहुणे आहो, हे त्या आज्ञेचे कारण होय. तेव्हा सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी आपल्या घरामागच्या मातीकडे नव्या दृष्टीने पाहणे हे शास्त्राला धरूनच आहे.

आता या गावी भाजीविषयी बोलणे म्हणजे माशाला पोहणे शिकविण्यासारखे आहे, हे आम्ही जाणतो. अवसरी खुर्द आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या शेजारी वसलेले आहे. पश्चिमेस भीमाशंकरच्या डोंगरात पाऊस कोसळतो आणि पूर्वेकडे येता येता तो विरळ होत जातो. तथापि घोड नदीवरील डिंभे धरणाने आणि विहिरींनी या बाजूच्या शेतीला आधार दिला आहे. सातगाव पठारावरचा पावसाळी बटाटा, जुन्नरचा कांदा, नारायणगावच्या बाजारातील टोमॅटो, मंचरच्या बाजारात येणाऱ्या मेथीकोथिंबिरीच्या जुड्या, ही या मुलखाची ओळखच आहे. येथून भरलेल्या गाड्या पुण्यामुंबईची मंडई सजवितात.

परंतु बाजारासाठी केलेला मळा आणि घरासाठी केलेली परसबाग या दोन गोष्टी निराळ्या आहेत. एकरभर मेथी लावणाऱ्याच्या घरी मेथी उदंड असते. पण भेंडी, दोडका, मिरची, कढीपत्ता यांसाठी त्याच घरातील बाई आठवड्याच्या बाजारात पिशवी घेऊन उभी राहते. ज्या आठवड्यात जुडीचा भाव असा पडतो की काढणीची मजुरीही सुटत नाही आणि उभ्या पिकात जनावरे सोडावी लागतात, त्याही आठवड्यात तिला इतर भाज्या पैसे मोजूनच आणाव्या लागतात. मळा भावावर जगतो, आणि भाव आपल्या हाती नाही. परसबागेला भावच नाही. म्हणून तिला मंदीही नाही. मळ्यात एक पीक पुष्कळ असते, परसात पुष्कळ पिके थोडी थोडी असतात. आणि खाणारी तोंडे आपल्याच लेकरांची असल्यामुळे कोणते औषध फवारावे आणि कोणते फवारू नये, याचा विचार परसात आपोआप होतो.

कित्येक म्हणतील, आमची जमीनच नाही. आम्ही नोकरीनिमित्त येथे आलो, भाड्याच्या घरात राहतो. २००९ साली या गावी शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, त्यानंतर बाहेरगावची किती तरी माणसे येथे येऊन राहिली. उद्या बदली होईल, मग झाड कोणासाठी लावावे, असा प्रश्न त्यांना पडतो. या प्रश्नाचे उत्तर यिर्मया संदेष्ट्याने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. बाबेलला बंदिवान होऊन गेलेल्या लोकांस त्याने पत्र पाठविले, त्यात घरे बांधा, बागा लावा आणि त्यांचे फळ खा असा उपदेश होता. ज्यांचे मन मायदेशी गुंतले होते आणि ज्यांना परक्या भूमीत राहावयाचे होते, त्यांनाच देवाने बागा लावावयास सांगितले. ज्या मातीत आपण काही लावतो, ती माती परकी राहत नाही. भाड्याच्या घराच्या दारी चार कुंड्यांत पुदिना, मिरची, कोथिंबीर आणि टोमॅटो लावणाऱ्या कुटुंबाची त्या गावाशी सोयरीक जडते. तेथून निघताना ते झाड पुढच्या भाडेकरूस ठेवून जावे. देणाऱ्याचे नाव त्यास ठाऊक नसले तरी चालेल.

शास्त्रात आणखीही एक भाजीचा मळा आहे, आणि त्याची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. राजांच्या पहिल्या ग्रंथातील एकविसाव्या अध्यायात अहाब राजा नाबोथाचा द्राक्षमळा मागतो. कशासाठी? तर तो राजवाड्याला लागून होता आणि तेथे त्याला भाजीपाला लावावयाचा होता. मागणी दिसावयास साधी होती. त्याने चांगला मोबदलाही देऊ केला. पण नाबोथाने वाडवडिलांचे वतन सोडण्यास नकार दिला, आणि मग खोटे साक्षीदार उभे करून त्याचा दगडांनी जीव घेण्यात आला. बंधुहो, भाजीसाठी खून झाला! शेजाऱ्याच्या जमिनीवर डोळा गेला की भाजीसारखी निष्पाप वस्तूही पापाचे निमित्त होते, हे यावरून ध्यानी येईल. आपल्या गावोगावी बांध कोरले जातात, हातभर जमिनीसाठी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात आणि एका देवळात येऊनही एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून परसबागेचा पहिला नियम आम्ही हा मानतो की, ती आपल्याच मातीत, आपल्याच पाण्यावर आणि आपल्याच घामावर व्हावी. कुंपण घालताना दोरी शेजाऱ्याच्या देखत धरावी. सार्वजनिक नळाचे पाणी चोरून वाढविलेल्या दुधीला चव येत नाही.

आज अहाबाची मागणी निराळ्या रूपाने येते. महामार्गालगतच्या जमिनींना भाव आला आहे. परस विकला तर एका दिवसात एवढा पैसा हाती येतो, की जो भाजी लावून जन्मात मिळणार नाही. अडचणीत सापडलेल्या कुटुंबास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. पण वसईकडे पाहावे. तेथील आपल्या ख्रिस्ती बांधवांच्या वाड्या, त्यांतील विहिरी, केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला यांवर पिढ्यान्‌पिढ्या घरे चालली. तेथील राजेळी केळ्यांची सुकेळी प्रसिद्ध आहेत. मुंबई वाढत वाढत त्या वाड्यांपर्यंत आली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हिरव्या वसईच्या रक्षणासाठी लोकांसह चळवळ उभारली. पुढे २०२० साली उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि २०२४ साली प्रभूच्या घरी गेले. एका धर्मगुरूला जमीन आणि झाडे यांसाठी लोकांबरोबर उभे राहावेसे वाटले, यातच आमच्या विषयाचे महत्त्व आले. सर्वच विकावयाची वेळ आली तरी स्वयंपाकघरामागचे चार वाफे शेवटपर्यंत राखावेत, एवढीच आमची विनंती आहे.

आपल्या पवित्र धर्मसभेचे आणि भाजीच्या बागेचे नाते जुने आहे. संत बेनेदिक्त यांनी सहाव्या शतकात मठासाठी जी नियमावली लिहिली, तिच्या सहासष्टाव्या प्रकरणात पाणी, जाते आणि बाग मठाच्या आवारातच असावी असे सांगितले आहे. सातव्या शतकातील संत फियाक्र हे आयर्लंडहून फ्रान्सला गेलेले एकांतवासी. ते भाज्या आणि औषधी वनस्पती लावीत व वाटसरूंना आसरा देत. माळीलोकांचे ते आश्रयदाते संत आहेत आणि त्यांच्या चित्रात हाती कुदळ असते. माद्रिदचे संत इसिदोर तर दुसऱ्याच्या शेतात राबणारे मजूर. १६२२ साली ज्या दिवशी संत इग्नाती, संत फ्रान्सिस झेवियर, संत तेरेजा आणि संत फिलिप नेरी यांना संतपद जाहीर झाले, त्याच दिवशी या नांगरधाऱ्यासही ते मिळाले. विद्वान, प्रेषित आणि शेतमजूर एकाच पंक्तीस बसले. आणि पुनरुत्थित प्रभूला मरिया माग्दालियाने प्रथम कोण समजले? बागेचा माळी! तिचा हा समज आम्हांस फार गोड वाटतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. जागा किती लागते? एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्याच्या तिसऱ्या हिश्शात दहा फूट लांब व चार फूट रुंद असे सहा वाफे, मध्ये दीड दीड फुटाच्या वाटा सोडून, सहज बसतात. वाफा चार फुटांहून रुंद करू नये, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि मातीवर पाय पडत नाही. जागेला दिवसाचे निदान पाचसहा तास ऊन हवे. न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर केळ आणि अळू लावावे. साबणाचे पाणी पालेभाजीवर सोडू नये. कुंपणाशी शेवग्याची फांदी रोवावी, दाराशी कढीपत्ता, कोपऱ्यात पपई आणि लिंबू. वेलांना मांडव द्यावा, म्हणजे खाली सावलीत बसावयासही जागा होते.

ऋतूंचा क्रम आपल्या वडीलधाऱ्यांस तोंडपाठ आहे. मृगाचा पाऊस झाला की भेंडी, गवार, दोडका, कारले, पडवळ, काकडी, भोपळा. थंडीच्या तोंडावर मेथी, पालक, मुळा, गाजर, वाटाणा, कोबी. उन्हाळ्यात चवळी, राजगिरा, अंबाडी. मेथी महिन्याभरात खुडावयास येते, मुळ्याला दीड महिना पुरतो, भेंडीची पहिली तोडणीही सुमारे तितक्याच दिवसांत होते. येथे एक युक्ती सांगतो. मेथीकोथिंबिरीचा सर्व वाफा एकदम पेरू नये; दर आठवड्यास पाव वाफा पेरावा, म्हणजे एकदाच ढीग आणि मग उपवास असे होत नाही. धने पेरण्यापूर्वी हलके रगडून दोन फोडी कराव्यात. जेथे यंदा वांगी व टोमॅटो झाले, तेथे पुढल्या हंगामात घेवडा किंवा चवळी लावावी. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र साठवितात व जमीन पुन्हा सावरते. भाजीचे देठ, साली, पालापाचोळा आणि शेण एका खड्ड्यात थरांनी कुजवावे. मावा पडला तर राख धुरळावी. लिटरभर पाण्यास ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारावी. टोमॅटोच्या कडेने झेंडू लावावा. त्याच्या मुळांमुळे जमिनीतील सूत्रकृमींचा त्रास कमी होतो, आणि वेदीसाठी फुलेही होतात.

बियांविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे. पुष्कळांचा अनुभव असा की, विकतच्या संकरित बियांचे पहिले पीक उत्तम येते. पण त्याच पिकाचे बी धरून पेरले, तर पुढच्या वर्षी एक झाड असे आणि एक तसे निघते. याचे कारण एका कॅथलिक मठाच्या भाजीच्या बागेतच प्रथम उमगले. ग्रेगोर मेंडेल हे संत अगस्तीनच्या संघाचे धर्मगुरू. ब्रनो शहरातील मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ पर्यंत त्यांनी वाटाण्याची हजारो झाडे वाढविली, त्यांची फुले स्वतःच्या हाताने फळविली, गोल दाणे किती व सुरकुतलेले किती हे मोजले, आणि आईबापांचे गुण पुढच्या पिढीत कोणत्या प्रमाणात उतरतात याचे नियम शोधून काढले. १८६६ साली ते छापून निघाले, पण जगाने त्यांची दखल घेतली ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९०० साली. आज सर्व जग ज्यास आनुवंशिकतेचे शास्त्र म्हणते, त्याचा पाळणा म्हणजे वाटाण्याचा एक वाफा होय.

म्हणून घरी बी धरावयाचे तर ते गावरान जातीचेच असावे. या कामी आपल्या उत्तरेच्या डोंगरापलीकडेच एक थोर उदाहरण आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे या शाळेची पायरी न चढलेल्या आदिवासी माउलीने वाल, घेवडा, भात आणि कित्येक भाज्यांचे गावरान बी आपल्या घरी जपले, बायकांना वाटले आणि त्यांजकडून परत मिळविले. तिचे घरच बियांची पेढी झाले. २०२० साली तिला पद्मश्री जाहीर झाली. बीजमाता या नावाने तिला आज सारा महाराष्ट्र ओळखतो. तिच्या पेढीची रीत साधी आहे. बी न्यावे आणि पीक आल्यावर अधिक करून परत आणावे. ख्रिस्ती कुटुंबांस ही रीत अनोळखी वाटू नये, कारण ज्याला दिले आहे त्याने ते वाढवून द्यावे, असे आपण रविवारी देवळात ऐकतच असतो.

आणि गावरान म्हणून आपण ज्यांना जवळ करतो, तेही एके काळचे पाहुणेच आहेत. मिरची, टोमॅटो, बटाटा आणि पपई ही सर्व अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्या काळात ती समुद्रावरून आपल्या किनाऱ्यास लागली. बटाटा आणि कोबी हे शब्दसुद्धा पोर्तुगीज भाषेतून आपल्या मराठीत आले. आज मिरचीवाचून ठेचा आणि बटाट्यावाचून भाजी कोणी कल्पू शकेल काय? परदेशी बी या मातीत रुजून इथलेच झाले. आपल्या श्रद्धेची कथाही याहून फार निराळी नाही.

आता या बागेच्या आनंदाविषयी बोलू, कारण खरे सांगावयाचे ते हेच. पहिला आनंद रुजण्याचा. बी मातीत झाकल्यावर चार दिवस काहीच दिसत नाही. मुले रोज सकाळी जाऊन पाहतात, बोटाने माती उकरावयास जातात आणि आजी रागावते. पाचव्या दिवशी माती तडकते आणि वाकलेली मान वर काढून अंकुर उभा राहतो. मोहरीच्या दाण्याचा दाखला ज्यांनी नुसता ऐकला, त्यांना तो अर्धाच कळला. ज्याने पेरला, त्याला तो पुरा कळतो. दुसरा आनंद शिकण्याचा. भोपळ्याच्या वेलावर काही फुले नर व काही मादी असतात, मादी फुलाच्या मागे इवलासा भोपळा बांधलेलाच असतो, आणि मधमाशी आली नाही तर तो गळून पडतो. सकाळी नर फूल तोडून मादी फुलास हलकेच लावले की फळ धरते. हे ज्या मुलाने स्वतः केले, त्याला मधमाशीचे मोल पुस्तकातून सांगावे लागत नाही. आपल्या राज्यातील शाळांतून आता परसबागा करतात, ही फार चांगली गोष्ट आहे.

तिसरा आनंद ताटाचा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रत्येक प्रौढ माणसाने दिवसास निदान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात, आणि त्यात बटाटा धरू नये. पाच माणसांच्या घरास हे दोन किलो झाले. रोज विकत घ्यावयाचे म्हटले तर किती घरांस परवडेल? पण शेवग्याचा पाला, राजगिरा, अळू यांना दारी कोण मोजतो? तव्यावर फोडणी टाकून मग मिरची तोडावयास जावे, ही श्रीमंती शहरातल्या बंगल्यांतही नाही. उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य केल्यावर भाकरीबरोबर परसातील घेवड्याची भाजी आली, तर तो त्याग कोणाला जड वाटेल? प्रेमाने वाढलेली साधी पालेभाजी ही द्वेषाने वाढलेल्या मेजवानीहून बरी, असे नीतिसूत्रांचा कर्ता म्हणतो, ते खोटे नव्हे.

चौथा आनंद वृद्धांचा. ज्यांचे हात शेतावर थकले, ज्यांना घरात आता कोणी काम सांगत नाही, अशा आजोबांना खुरपे घेऊन वाफ्याच्या कडेला बसलेले पाहावे. तेथे त्यांचा शब्द पुन्हा चालतो. नातवंडे विचारतात, ते सांगतात. आणि त्या सांगण्यात भाजीबरोबर घराण्याची आठवण पेरली जाते.

पाचवा आनंद देण्याचा, आणि आमच्या मते तोच सर्वांत मोठा. बाजारात कोणी कोणास दोडके फुकट देत नाही. परसात मात्र वेल एवढा भरतो की द्यावेच लागते. पदराखाली चार काकड्या घेऊन शेजारणीच्या दारी गेलेली बाई रिकाम्या हाताने परत येत नाही. तिकडून वाटीभर वाल येतात. २०२० साली टाळेबंदीत रस्ते ओस पडले आणि पुष्कळ ठिकाणी बाजार बंद राहिले, तेव्हा परसातील भाजीचे मोल सर्वांनाच कळले. बांधावरून न बोलणारी दोन घरे काकडीच्या देवघेवीने बोलू लागली, तर त्या काकडीने फार मोठे काम केले असे आम्ही म्हणू.

पहिले फळ देवाला अर्पण करण्याची आपली परंपराही विसरू नये. मुंबई व ठाणे बाजूचे ईस्ट इंडियन बांधव ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करतात आणि भाताच्या नव्या कणसांना आशीर्वाद मागतात. गोव्यात तळावली येथील संत अन्नाच्या देवळात जुलै महिन्यात काकड्यांचे फेस्त भरते. मूल व्हावे म्हणून दांपत्ये तेथे काकड्या वाहतात. आपल्या वेदीवर वांगी आणि भोपळे ठेवावयास लाजण्याचे कारण नाही.

तेव्हा या महोत्सवी वर्षासाठी आमची सूचना अगदी लहान आहे. प्रत्येक कुटुंबाने एक वाफा, तो नसेल तर एक कुंडी, लावावी. पावसाळ्यापूर्वीच्या एका रविवारी मिस्सानंतर सर्वांनी घरचे बी पुड्या बांधून आणावे व एकमेकांस वाटावे. पहिल्या तोडणीची टोपली देवळात आणावी आणि आशीर्वादानंतर ती अशा घरी पोहोचवावी, जेथे यंदा कोणी आजारी आहे, कमावणारा गेला आहे किंवा जमीन गेली आहे. पन्नासाव्या वर्षी गेलेली जमीन परत देण्याचे सामर्थ्य आपल्या हाती कदाचित नसेल. पण त्या जमिनीची आठवण राखणारी एक टोपली आपण खात्रीने देऊ शकतो.

ज्याने आरंभी मनुष्यास बागेत ठेविले, तिची मशागत व राखण त्याच्याकडे सोपविली, त्या परमेश्वराने आपल्या घरांवर, परसांवर आणि त्यांत राबणाऱ्या हातांवर आशीर्वादाचा पाऊस पाडावा, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.